फुलेवाडीतलं गॅरेज: डोक्यावरची इस्त्री कशी उतरवली

आप्पांचा फोन आला तो मापाबद्दल, उन्हाळ्याबद्दल नव्हे. "पोरी, तुझा त्यो डिजिटल मायक्रोमीटर घिऊन ये. माझं माप खोटं बोलाय लागलंय."

आप्पा म्हणजे माझ्या वडिलांचे दोस्त. आयुष्यभर शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत टर्नर म्हणून उभे राहिले, आणि निवृत्त झाल्यावर कोल्हापूरच्या फुलेवाडीतल्या घराच्या गॅरेजात जुना साडेचार फुटी लेथ (धातू फिरवत कापायचं यंत्र), एक बेंच ड्रिल, ग्राइंडर आणि वेल्डिंग सेट मांडून बसले. गाडी बाहेर उन्हात, लेथ आत सावलीत. काकींना हे अजून पटलेलं नाही. आसपासच्या शेतकऱ्यांच्या पंपांची दुरुस्ती हे त्यांचं मुख्य काम. मी शेडमधल्या वायुवीजनाची कामं करते, पण त्या दिवशी मला त्यासाठी बोलावलेलं नव्हतं.

तक्रार अशी होती. पंपाचं अ‍ॅल्युमिनियमचं हाउसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, त्यात ६२०४ नंबरचं बेअरिंग बसवायचं. बेअरिंगचा बाहेरचा व्यास ४७ मिलीमीटर. आप्पा दुपारी बोअर करत, म्हणजे बेअरिंगचं गोल भोक लेथवर कापत, गेजनं तपासत, माप बरोबर येई. सकाळी बसवायला घेतलं की बेअरिंग आत जाता जात नसे. एकदा ठोकून घातलं तर हाउसिंगलाच तडा गेला. पन्नास वर्षांचा हात चुकणं शक्य नाही, म्हणजे गेज गेलं, असं त्यांचं मत.

गेज ठणठणीत होतं. अ‍ॅल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे सुमारे २३ मायक्रॉन वाढतं, पोलाद साधारण त्याच्या निम्मं. दुपारी गॅरेजात ४२ अंश, पहाटे २४. या १८ अंशांत ४७ मिलीमीटरच्या बोअरला अ‍ॅल्युमिनियम आणि पोलाद यांच्यात सुमारे १० मायक्रॉनचा फरक पडतो, म्हणजे मिलीमीटरचा शंभरावा भाग. बेअरिंगची बैठक घट्ट की सैल, हे एवढ्याशा मापातच ठरतं. त्यात बोअर करताना तापलेलं हाउसिंग गार होऊ न देता मोजलं, तर फरक आणखी वाढतो. मापाचं प्रमाण संदर्भ तापमान २० अंश असतं. आप्पांचं वर्कशॉप त्याच्या दुपटीला होतं.

"म्हंजे खोटं माप न्हाई, खोटी हवा हाय," आप्पा म्हणाले. तिथून हे प्रकरण माझ्या हातात आलं.

गॅरेज कसं आहे

रुंदी १० फूट, लांबी १८ फूट. शटर पश्चिमेला, उत्तरेची भिंत घराला लागून, दक्षिणेला एक खिडकी. भिंती नऊ इंची विटांच्या. वर जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पत्रा, एकपाखी उतार, शटरच्या बाजूला ८ फूट आणि मागे पूर्वेला ११ फूट उंची. गंज धरू लागला म्हणून आप्पांनी तीन वर्षांपूर्वी पत्र्याला रेड ऑक्साइड मारलं होतं. गंज थांबला, पण त्या तांबूस रंगानं सगळं ऊन प्यायला सुरुवात केली. लागोपाठच्या उन्हाळ्यांना ते "औंदा ऊन जास्त हाय" म्हणत राहिले.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी अडीच वाजता मी मोजमापं घेतली. बाहेर सावलीत ३७.५. आत छातीच्या उंचीवर ४१.५. नऊ फुटांवर ४७. पत्र्याची खालची बाजू ६३. साडेचारला ऊन शटरवर आलं तेव्हा शटरची आतली बाजू ५६. फरशी मात्र ३४ आणि उत्तरेची भिंत ३५.

पत्र्याचं तापमान मी इन्फ्रारेड गननं घेतलं. ज्यांना हे करायचं आहे त्यांच्यासाठी एक सावधगिरी: चकचकीत धातूवर ही गन खोटं सांगते. नव्या कोऱ्या पत्र्यावर किंवा अ‍ॅल्युमिनियमवर ती खऱ्यापेक्षा बरंच कमी दाखवते, कारण तसा पृष्ठभाग स्वतः फारसे किरण सोडत नाही, आसपासचेच परतवतो. काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवावा, दोन मिनिटं थांबावं आणि टेपवर गन धरावी.

पंखा, कूलर आणि ओलं गोणपाट

मी जायच्या आधी आप्पांनी तीन उपाय करून पाहिले होते.

छताचा पंखा. पत्र्याखाली जमलेली ४७ अंशांची हवा तो इमानेइतबारे खाली ढकलत होता.

बारा इंची एक्झॉस्ट फॅन. तो बसवला होता दक्षिणेच्या भिंतीत, शटरपासून तीन फुटांवर, खांद्याच्या उंचीला, कारण वायरिंग तिथवरच होतं. शटरमधून आलेली हवा लगेच फॅनमधून बाहेर. मागच्या पंधरा फुटांना तिचा स्पर्शही नाही. उदबत्ती पेटवून धरली, तेव्हा धूर शटरपाशीच वळताना दिसला. हे दृश्य आप्पांना माझ्या सगळ्या आकड्यांपेक्षा जास्त पटलं.

आणि कूलर. ऊन येतं म्हणून शटर पाऊण खाली ओढलेलं, कूलर आत, खिडकी बंद. कूलरला बाहेरची कोरडी हवा आत आणि वापरलेली हवा बाहेर, अशी वाट लागते. इथे तो आपलीच ओली हवा पुन्हापुन्हा पीत होता. तासाभरात आत न्हाणीघरासारखं कोंदट, घाम वाळेना, आणि चौथ्या दिवशी लेथच्या बेडवर, म्हणजे त्याच्या लोखंडी बैठकीवर, तांबूस ठिपके. बेडवर गंज म्हणजे टर्नरच्या घरात सुतक. कूलर त्याच दिवशी माळ्यावर गेला. शटरला बांधलेलं ओलं गोणपाटही त्याच रागात उतरवलं गेलं.

मी विचारलं, पंख्याखाली उभं राहिल्यावर नेमकं काय वाटतं? आप्पा म्हणाले, "पंखा लावला की घाम वाळतोय, व्हय. पण टाळू तापतीच. हवा गरम हाय असं वाटतच न्हाई गं, डोक्यावर कुनी इस्त्री धरल्यागत वाटतंय."

या वाक्यातच निदान होतं. हवा तापलेली असणं वेगळं आणि तापलेल्या वस्तूनं तुमच्यावर किरण टाकणं वेगळं. पत्रा ६३ अंशांना तापला की खालच्या माणसावर आणि यंत्रांवर तो थेट उष्णता फेकतो. मधली हवा त्या किरणांना अडवत नाही. पंखा कितीही फिरवा, किरण वाऱ्यानं उडून जात नाहीत. आप्पांचे तिन्ही उपाय हवेवर होते आणि दुखणं पत्र्यात होतं.

याची खात्री करायला मी टेबल टेनिसचा चेंडू काळा रंगवला, त्यात थर्मामीटरची वायर खुपसली आणि लेथच्या वर, डोक्याच्या उंचीला टांगला. असा काळा गोळा हवेबरोबर किरणही टिपतो. हवा ४१.५ असताना चेंडू ४६ दाखवत होता. टाळूला जाणवत होते ते हेच साडेचार अंश. तो चेंडू अजून तिथेच आहे.

अर्धं छप्पर पांढरं

उपाय सुचवणं सोपं होतं. पण आप्पांचा स्वभाव असा, की दुसऱ्यानं केलेल्या मापावर ते बोअर मारत नाहीत. "रंगानं काय हुतंय? रंग म्हंजे रंग." म्हणून ठरवलं, आधी अर्धंच छप्पर पांढरं करायचं.

चुना आणि थोडं फेविकॉल हा गावातला जुना, स्वस्त उपाय. सिमेंटच्या पत्र्यावर तो बरा धरतो. गुळगुळीत जीआयवर तो पोपडे सोडतो आणि पहिल्या वळवात अंगणात येतो. आम्ही छपरासाठी मिळणारा पांढरा परावर्तक रंग घेतला. सकाळी सहाला पत्रा थंड असताना, घासून, धुऊन, वाळवून, पूर्वेकडच्या अर्ध्या भागाला दोन हात दिले. तापल्या पत्र्यावर रंग मारला तर तो नीट पसरायच्या आतच वाळतो आणि नंतर सोलून निघतो, त्यामुळे उन्हात ही घाई करू नये.

दुसऱ्या दिवशी अडीचला आप्पांनीच गन हातात घेतली. तांबड्या भागाखाली ६३. पांढऱ्या भागाखाली ४६. त्यांनी दोनदा मोजलं, टेप बदलून तिसऱ्यांदा मोजलं, मग काहीच न बोलता उरलेला डबा घेऊन शिडीकडे निघाले. मी त्यांना अडवून सकाळपर्यंत थांबवलं.

पत्र्यावरच एवढा भर का, तर सूर्यामुळे. मेच्या पहिल्या आठवड्यात तो कोल्हापूरच्या बरोबर डोक्यावर येतो, भर दुपारी उभ्या काठीची सावली पायातच राहते. त्या दिवसांत दुपारी बाराला भिंतींवर ऊन जवळजवळ पडतच नाही, सगळं छपरावर. निरभ्र दुपारी चौरस मीटरला एक किलोवॅटच्या आसपास. आप्पांचं छप्पर १६-१७ चौरस मीटर. म्हणजे सोळा-सतरा एक किलोवॅटचे हीटर वर उलटे टांगल्यासारखे. त्यातली बरीच उष्णता वाऱ्यानं आणि वरच्या बाजूनं निघून जाते, पण तांबड्या पत्र्यातून माझ्या हिशेबानं तीनेक किलोवॅट खाली गॅरेजात उतरत होती.

आता हा आकडा पंख्याला लावून बघा. एक घनमीटर हवा एक अंश तापली की सुमारे १.२ किलोज्यूल उष्णता उचलते. तीन किलोवॅट उष्णता बाहेर काढायची आणि आतली हवा बाहेरच्यापेक्षा फक्त ३ अंश जास्त चालेल असं धरलं, तर तासाला ३००० घनमीटर हवा हलवावी लागते. गॅरेजाचं पोट आहे ५० घनमीटर. म्हणजे दर मिनिटाला अख्ख्या खोलीची हवा बदलायला हवी. बारा इंची फॅनच्या कुवतीबाहेरची ही गोष्ट. मोठा फॅन घेता आला असता, आणि बरेच जण घेतात. पण मोठ्या फॅननंही डोक्यावरची इस्त्री तशीच राहते. उष्णता आत येऊ दिली नाही तर जुना फॅनच पुरतो, आणि पुढे तसंच झालं.

छापखान्याच्या प्लेटा

४६ अंशांचा पत्राही माणसापेक्षा गरमच. त्याच्या खाली आणखी एक पडदा हवा होता. इथे मतभेद झाले.

काकींच्या माहेरी गुऱ्हाळाच्या छपरावर पाचट घालत. सावलीला पाचटासारखं दुसरं काही नाही हे खरं. पण खाली ग्राइंडरच्या ठिणग्या उडतात तिथे मी पाचट सुचवणार नाही. शेजाऱ्यानं थर्माकोलचं छत सुचवलं, त्याच्या हॉलमध्ये आहे. त्यालाही मी तितक्याच ठामपणे नाही म्हटलं. थर्माकोल पेटतो, वितळून थेंब-थेंब खाली पडतो, आणि त्याचा धूर भयंकर असतो. हॉलमध्ये कुणी लोखंड कापायचं कट-ऑफ व्हील चालवत नाही. बाजारात मिळणाऱ्या बुडबुड्यांच्या चंदेरी शीटमध्येही आत प्लास्टिकच असतं.

तोडगा आप्पांनीच काढला. ऑफसेट छपाईच्या अ‍ॅल्युमिनियमच्या प्लेटा वापरून झाल्यावर भंगारात किलोवर मिळतात. पातळ, हलक्या, न जळणाऱ्या, आणि मागची बाजू चकचकीत. उद्यमनगरातल्या ओळखीच्या भंगारवाल्याकडून त्यांनी गठ्ठा आणला. पत्र्याच्या अँगलना खालून आडव्या पट्ट्या मारल्या आणि पत्र्यापासून चार इंच सोडून प्लेटा पॉप रिव्हेटनं जोडल्या. चकचकीत बाजू खाली ठेवली, कारण वरच्या बाजूवर धूळ बसणारच, आणि धूळ बसली की चमक काही कामाची उरत नाही. चमकणारं अ‍ॅल्युमिनियम तापलं तरी खाली किरण फारच कमी सोडतं, सगळी गंमत यातच आहे. मधली चार इंची फटही तितकीच महत्त्वाची. पत्र्याला लागून तापलेली हवा त्या फटीतून उताराच्या उलट वर चढत पूर्वेच्या टोकाला जाते, तिथे जाळी लावून वाट मोकळी ठेवली.

आता छताकडे बघितलं की जुन्या लग्नपत्रिका आणि एका साखर कारखान्याच्या वार्षिक अहवालाची पानं पुसट दिसतात, कारण चार प्लेटा चुकून उलट्या लागल्या. आप्पा त्या बदलू देत नाहीत.

एक चूक माझी. ग्राइंडर सुरू केला की अख्खं छत टणटणायला लागलं, आणि त्या आवाजात लेथचा आवाज ऐकू येईना. टर्नर कानानं काम करतो, हे मी विसरले होते. सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे प्रत्येक जोडाखाली घालायला अख्खा रविवार गेला.

एक्झॉस्ट फॅन काढून पूर्वेच्या भिंतीत, अकरा फुटांच्या कोपऱ्यात चढवला. दक्षिणेच्या जुन्या भोकाला जाळी बसवली.

पश्चिम: ऊनही तिथून, वाराही तिथून

शटरचा प्रश्न जास्त अडचणीचा होता. कोल्हापुरात एप्रिल-मेमध्ये दुपार कलली की पश्चिमेचा वारा सुटतो, रंकाळा तलावावर संध्याकाळी गर्दी होते ती उगीच नाही. फुलेवाडीला पश्चिमेकडे अजून शेतं आहेत, त्यामुळे वारा चांगला मिळतो. पण तीननंतरचं तिरकं ऊनही त्याच दारातून. शटर ओढलं तर वारा बंद, आणि वर ५६ अंशांचा उभा तवा. उघडलं तर ऊन थेट लेथवर.

शटरच्या बाहेर अडीच फुटांवर दोन पाइप रोवून शेडनेट बांधलं, वरून तिरकं, जमिनीपासून चार फुटांवर संपणारं. शटर पूर्ण वर. ऊन नेटवर अडतं, वारा खालून आणि नेटमधून आत येतो, खोली पार करून पूर्वेच्या फॅनमधून वर निघतो. सावली आतून नव्हे तर बाहेरून करायची, हे इथे महत्त्वाचं. आत पडदा लावला तर ऊन आत येऊन मगच अडतं आणि उष्णता आतच राहते.

आतली उष्णताही थोडी कमी केली. ५०० वॅटचा हॅलोजन काढून एलईडी आला. वेल्डिंग मागच्या पडवीत गेलं. लेथची एक हॉर्सपॉवरची मोटर जितकी वीज खाते, तितकी उष्णता शेवटी त्याच खोलीत उतरते. ती काही बाहेर नेता येत नाही. थिनर आणि पेट्रोलचे डबे मात्र मी पहिल्याच दिवशी बाहेर काढायला लावले होते. ४२ अंशांत डबा फुगून बसलेला दिसला होता, आणि दहा फुटांवर ग्राइंडर.

कूलर माळ्यावरून परत आला, पण अटींवर. आता तो खिडकीच्या बाहेर, मागून कोरडी हवा ओढणारा, तोंड फिटिंगच्या टेबलाकडे, लेथकडे पाठ. ३८ अंश आणि २५ टक्के आर्द्रता असेल, तर चांगला कूलर २६-२७ अंशांची हवा देऊ शकतो. ३५ अंश आणि ५० टक्के आर्द्रता असेल, तर जेमतेम २८-२९, तीही दमट. त्यामुळे एक-दोन वळीव पडून गेले की तो बंद. आणि दिवसअखेर बेडवर तेलाचा हात, हे आप्पा कूलर नसतानाही करायचेच.

एसीचा विषय त्यांच्या मुलानं काढला होता. तांबड्या पत्र्याखाली दीड टनाचा एसीही धापा टाकत राहिला असता, आणि ग्राइंडरच्या धुळीनं त्याच्या जाळ्या आठवड्यात तुंबल्या असत्या. आज एक टनाचा पुरेल. पण शटर बंद करून बसणं आप्पांना मान्य नाही. येणारे-जाणारे दिसले पाहिजेत.

मेमधले आकडे

मेच्या पहिल्या आठवड्यात, सावली पायात असण्याच्या दिवसांत, दुपारी अडीच: बाहेर ३८. आत छातीच्या उंचीवर ३९. काळा चेंडू ४०. पत्रा ४६, खालच्या प्लेटा चाळिशीच्या आत (टेप लावून!). बाहेरच्या सावलीपेक्षा आत फार गार झालेलं नाही, आणि एसीशिवाय होणारही नव्हतं. पण आधी बाहेरच्यापेक्षा ४ अंश जास्त आणि वर इस्त्री होती, ती गेली. सगळा खर्च चौदा हजारांच्या आत, त्यात प्लेटांचा वाटा सर्वात कमी.

दुपारी बारा ते चार आप्पा आता लेथवर उभे राहत नाहीत. हे माझ्या हिशेबानं नाही झालं. एप्रिलच्या सुरुवातीला एकदा त्यांना चक्कर आली होती, ती त्यांनी घरात लपवली होती आणि माझ्यासमोर चुकून बोलून गेले. काकींनी ऐकलं. तेव्हापासून अकरा वाजता मीठ घातलेल्या ताकाचा तांब्या येतो आणि बाराला लेथचा मेन स्विच काकी स्वतः बंद करतात. बेअरिंगची बोअर सकाळी सात ते दहा या वेळेत होते, हाउसिंग आणि गेज दोन्ही आदल्या रात्रीपासून एकाच टेबलावर ठेवून. त्यानंतर एकही बेअरिंग ठोकावं लागलेलं नाही.

मेच्या मध्याला पहिला मोठा वळीव आला, गारांसकट. शेडनेट एका पाइपातून सुटून शेजारच्या आंब्यावर जाऊन बसलं. आता ते हुकांवर अडकवलंय, ढग दाटले की दोन मिनिटांत उतरतं. पूर्वेची फट मात्र कोरडी राहिली, कारण त्या दिवशी पाऊस पश्चिमेकडून झोडपत होता. पावसाळ्यात प्लेटांच्या वर पत्र्याला घाम सुटतो का, हे जुलैत शिडी लावून बघायचं आहे.

उरलाय तो भिंतींचा प्रश्न. नऊ इंची वीट दुपारची उष्णता पिऊन ठेवते आणि सात-आठ तासांनी परत करते, त्यामुळे रात्री नऊला दक्षिणेच्या भिंतीला पाठ टेकवत नाही. काकींनी एप्रिलमध्ये तिथे दोडक्याचा वेल लावला होता, तो दोन फूट चढून करपला. आता पहिल्या पावसानंतर तोंडलीचा लावणार आहेत. आप्पांनी त्यासाठी तार ओढून ठेवलीय, ताण कमी-जास्त करायच्या टर्नबकलसकट, आणि तिचा ताण मोजायला माझा स्प्रिंग बॅलन्स मागवलाय.